नाल्याकाठचा मोठा माणूस

वडनेर,
९ नोव्हेंबर २०२४

मयुरी,

आशीर्वाद लिहितो, घ्यायचा की नाही ते तू ठरव. फोनवर बोलायला लागलो की माझा आवाज चढतो आणि तू फोन ठेवतेस. कागदावर आवाज चढत नाही, म्हणून पत्र लिहायला बसलो आहे. अक्षर आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही, सांभाळून घे.

तू आणि तुझ्या दोन मैत्रिणींनी केलेला खेळ तुझ्या आईच्या फोनवर आला. पुण्यात दोन वर्षं तुम्ही यावरच खपत होतात असं तिनं सांगितलं. मी ‘बरं झालं’ म्हणालो आणि कापूस वेचायला बाया आल्या होत्या त्यांच्याकडे गेलो. दुपारी जेवायला आलो तर ती पडवीत फोन घेऊन बसलेली. ताट वाढलेलं नव्हतं. मी तिच्या मागे उभा राहून पाहिलं. एक लहान पोरगा दगडावरून दगडावर, बांधावरून बांधावर उड्या मारत चालला होता. मग पूर आलेला नाला लागला, आणि नाल्याच्या काठाशी कोणीतरी बसलेलं होतं. बसलेलं असूनही कडुनिंबाच्या झाडाएवढं. मला वाटलं, हा आता पोराला गिळतो. त्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले, ‘ह्यां’ केलं आणि उठला. पाय टाकायच्या आधी खाली वाकून पाहिलं. मुंग्यांची रांग होती. त्यानं पाऊल उचललं आणि दुसरीकडे टाकलं.

तुझी आई म्हणाली, “हे त भाऊजी हायेत.”

मी तिच्या आधीच ओळखलं होतं. 

जाताना तू या घराच्या उंबऱ्यावर म्हणाली होतीस की मोठेबाबा घरी परत येतील त्या दिवशी मी घरी येईन, त्याआधी नाही. दोन दिवाळ्या झाल्या. मी माझ्या मोठ्या भावाला अडवून ठेवलेलं नाही. डोमादादा पवनारला तुझ्या रुख्माआत्याकडे खुशीनं राहतो आहे. आपल्या शेतावरचं फाटक त्याच्या हातून उघडं राहिलं, आपली गुरं शेजारच्या अण्णाजींच्या तुरीत शिरली आणि उभं पीक अर्धं आडवं झालं, हे गावानं पाहिलं. चार माणसांसमोर त्यानं स्वतः कबूल केलं. छप्पन वर्षांचं वय, आधीच बुद्धीनं साधा माणूस, त्याला जरा विश्रांती मिळावी म्हणून सगळ्यांच्या विचारानं तो गेला. यात माझं काय चुकलं ते मला कळलेलं नाही.

एक गोष्ट मात्र विचारतो. एवढी मोठी आकृती काढायची होती, तर तुला तोच सापडला? तुझ्या बारावीच्या वेळी हिंगणघाटला तीन महिने रोज सायकलनं डबा कोण आणत होतं? पुण्याच्या होस्टेलच्या फाटकाबाहेर दोन दिवस बाकड्यावर कोण बसलं होतं, तुला करमत नाही म्हणून? त्याला तर पुणं कोणत्या दिशेला आहे तेही माहीत नाही.

तुझा बाबा

वडनेर,
२१ नोव्हेंबर २०२४

मयुरी,

पत्राचं उत्तर आलं नाही. तुझ्या आईला तू फोनवर म्हणालीस की पत्र मिळालं. एवढं मला पुरलं असं समज.

गावात आता तुझ्या खेळाची चर्चा आहे. तुमच्या खेळाची बातमी पेपरात आली होती, त्यात त्या मोठ्या माणसाचं चित्र होतं. ते कापून शाळेतल्या अश्वजित सरांनी फळ्याशेजारी लावलं आहे. संध्याकाळच्या गावच्या सामुदायिक प्रार्थनेनंतर आम्ही बसलो होतो, तेव्हा सर सगळ्यांसमोर मला म्हणाले, “प्रेमदासभाऊ, पोरीनं काकाले डोंगराएवढा करून ठेवला. तुमाले कुठं बसवलं?” सगळे हसले. मीही हसलो. घरी येताना मात्र वाट नेहमीपेक्षा लांब वाटली.

प्रार्थनेत आपण रोज म्हणतो, मनातला द्वेष जाऊ दे. पस्तीस वर्षं म्हणतो आहे. त्या दिवशी डोळे मिटून म्हणत होतो आणि मिटल्या डोळ्यांपुढे तो गुडघ्यांवर हात टेकून उठत होता.

तू पदवी घेऊन आलीस तेव्हा गावानं केलेल्या तुझ्या सत्काराचा दिवस तुला आठवत असेल. शाळेच्या मैदानात मांडव होता. मी इस्त्रीचा सदरा घालून दुसऱ्या रांगेत बसलो होतो. सरांनी सांगितलं होतं की पालकांनाही वर बोलावतील, म्हणून वर जाताना धोतराचा सोगा कुठे अडकणार नाही ना, हेसुद्धा मी आधी पाहून ठेवलं होतं. तू खाली उतरलीस, माझ्या रांगेसमोरून पुढे गेलीस आणि मागे दोरीशी उभ्या असलेल्या दादाचा हात धरून त्याला वर नेलंस. शाल त्याच्या खांद्यावर, नारळ त्याच्या हातात. तो रडत होता आणि सगळं गाव टाळ्या वाजवत होतं. मीही वाजवल्या. माझ्या शेजारी तुझ्या आत्याचे यजमान लक्ष्मणराव होते, सत्कारासाठी मुद्दाम पवनारहून आलेले. ते म्हणाले, “तुमची पोरगी लय मनाची हाये.” मी म्हणालो, हो.

हे मी आजपर्यंत कुणाला बोललो नाही. तुझ्या आईलाही नाही.

खेळ मी अधूनमधून पाहतो. फार वेळ नसतो. जेवण झाल्यावर तुझी आई भांडी घासते तेवढ्यात. पहिला टप्पा मी पार केला. नाल्यापाशी अडलो आहे. तुझी आई तिसऱ्या टप्प्यावर पोचली आहे आणि शेजारच्या बायांना शिकवते. मला कोणी शिकवायला नको.

बाबा

वडनेर,
४ डिसेंबर २०२४

मयुरी,

आज एक लाजेची गोष्ट लिहितो. आधी थोडी हसण्यासारखी लिहितो, म्हणजे दुसरी लिहायला बळ येईल.

मी त्या खेळात स्वतःला शोधत होतो. वाटलं, काकाला ठेवलं तर बापालाही कुठे कोपऱ्यात ठेवलं असेल. पहिल्या टप्प्यात कपाशीच्या शेतात एक बुजगावणं आहे, त्याचा सदरा पांढरा आहे. मी पांढराच घालतो. तीन दिवस मला वाटत राहिलं की हा मीच. त्याच्याजवळून पोरगा गेला की ते मान हलवतं. मी मान फार हलवतो असं तू लहानपणी म्हणायचीस. शेवटी मी तुझ्या आईला विचारलं. तिनं हातातलं काम थांबवून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “तुमाले बुजगावण्याचाबी हेवा वाटून राह्यला का?”

बरं, आता दुसरी गोष्ट.

त्या पोराला दगड फेकता येतात. माकडं हाकलायला तुम्ही ते दिलं असणार. काल दुपारी घरात कोणी नव्हतं. मी नाल्यापाशी पोराला उभं केलं आणि त्या मोठ्या माणसावर दगड मारायला लागलो. का ते मला विचारू नकोस. पहिला दगड लागला तसं त्यानं इकडेतिकडे पाहिलं, कुणी मारला ते त्याला कळलं नाही. दुसरा लागला तसे दोन्ही हात डोक्यावर घेतले. मी मारत राहिलो. त्यानं एकदाही हात उगारला नाही. कनवटीतून बोरं काढली आणि पोरापुढे धरली. त्याला वाटलं असेल पोराला भूक लागली आहे. मी त्याच्या हातावर दगड मारला. बोरं पाण्यात पडली.

मग तो उठला. काठाकाठानं दूर गेला, अगदी चित्राच्या कडेला, आणि पाठ करून बसला.

मला वाटलं आता ‘हरलात’ असं काहीतरी येईल. काही आलं नाही. नाला वाहत होता, पक्षी ओरडत होते, पोरगा काठावर उभा होता आणि पलीकडे जायला वाट नव्हती. मी पंधरा-वीस उड्या मारून पाहिल्या. प्रत्येक वेळी पोरगा बुडाला आणि परत त्याच काठावर आला. तुझी आई बाहेरून आली. तिनं पाहिलं आणि दगडांबद्दल काही विचारलं नाही. म्हणाली, पोराच्या अंगावर बोट दाबून धरा, म्हणजे पोरगा हाक मारतो, हाक ऐकून ते येतात. मी फोन तिला देऊन टाकला.

हे तू मुद्दाम ठेवलंस का? बापासाठी? की मलाच तसं वाटतं?

मला तुझा राग आला आहे, हे खरं लिहितो. मी तुला कधी उपाशी ठेवलं नाही, मारलं नाही, शिकू नको म्हटलं नाही. पण तुझ्या कुठल्याच आठवणीत मी मोठा नाही. मोठा तोच. ज्याला शंभराच्या पुढे मोजता येत नाही, जो तुला खांद्यावर घेऊन नाला पार करायचा आणि तुझं दप्तर दातात धरायचा. मी तेव्हा शेतात असायचो. कोणीतरी शेतात असावं लागतं.

बाबा

वडनेर,
१५ डिसेंबर २०२४

मयुरी,

हे पत्र तू बसून वाच.

काल मी हाक मारली. पोराच्या अंगावर बोट दाबून धरलं. पोरगा ‘ओऽ’ असं ओरडला. तो मोठा माणूस वळला, गुडघ्यांवर हात टेकून उठला आणि आला. दगड मारल्याचं काहीच त्याच्या चेहऱ्यावर नव्हतं. नाल्यात उतरला आणि पाठ वाकवून बसला.

इथेच मी महिनाभर अडलेलो होतो, ते तुला माहीत नाही. पोरानं त्याच्या पाठीवर पाय द्यायचा, मग खांद्यावर, मग डोक्यावर, आणि तिथून पलीकडे उडी. तुझी आई हे मला पहिल्या दिवसापासून सांगत होती. पण मला ते जमेना. मोठ्या भावाच्या पाठीवर पाय कसा देऊ? डोक्यावर कसा देऊ? चित्र आहे हे कळतं, तरी बोट पुढे जात नव्हतं. म्हणून मी बाजूबाजूनं उड्या मारून बुडत होतो.

काल मन घट्ट करून पाय दिला. पोरगा पाठीवर उभा राहिला. आणि मला काही कळायच्या आत माझा हात सवयीनं गेला. कुणाला पाय लागला की आपण हात लावून कपाळाला लावतो तसा मी त्या चित्राला हात लावला आणि कपाळाला लावला. हात लागताच पोरानं उडी मारली आणि पाण्यात पडला. पुन्हा चढवला. पुन्हा माझा हात गेला. पुन्हा पाण्यात. असं पाच वेळा झालं. तुझी आई पदर तोंडात धरून हसत होती, नंतर भिंतीला टेकून बसली आणि डोळे पुसायला लागली.

हसणं संपल्यावर ती म्हणाली, “चित्राले पाय लागला त नमस्कार करता. अन् जित्या माणसाले तुमी हाकलून देल्लं.”

मी म्हणालो, मी हाकललं नाही, त्यानं फाटक उघडं ठेवलं.

ती म्हणाली, “मले नका सांगू.” आणि भांडी घासायला गेली.

मयुरी, फाटक दादानं उघडं ठेवलं नव्हतं. मी ठेवलं.

सत्काराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो शेतात आला तो तुझी शाल डोक्याला बांधून. नवी शाल, जरीची, कापूस वेचताना मुंडाशासारखी गुंडाळलेली. थंडी होती, त्याला वाटलं शाल थंडीसाठी असते. मी त्याला म्हणालो, सोड ती. तो म्हणाला, “पोरीनं देल्ली नं.” इतकंच. मला ते सहन झालं नाही. मी हातातली पिशवी टाकली आणि घराकडे निघालो. फाटकातून मी बाहेर पडलो. मागे वळून पाहिलं नाही. साखळी लावली नाही. त्या दिवशी त्या फाटकातून जाणारा शेवटचा माणूस मी होतो. दादा तर तुरीच्या बाजूच्या पायवाटेनं आला-गेला.

संध्याकाळी अण्णाजी ओरडत आले. चार माणसं जमली. त्यांनी विचारलं, फाटक कोणाच्या हातून राहिलं? माझ्या तोंडून निघालं, दादाच्या हातून. मी ठरवून बोललो नाही, पण निघाल्यावर परतही घेतलं नाही. सगळे दादाकडे वळले. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “असन माया हातून.”

आणि तिसऱ्या दिवशी मीच त्याला पवनारच्या बसमध्ये बसवलं. सगळ्यांच्या विचारानं नाही. माझ्या. पहिल्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. दोन वर्षं मी स्वतःशीही तेच खोटं बोलत होतो, आणि रोज संध्याकाळी प्रार्थनेला बसत होतो.

उद्या मी पवनारला जातो.

बाबा

पवनार,
२९ डिसेंबर २०२४

मयुरी,

पवनारला येऊन तेरा दिवस झाले. पत्र आज लिहितो कारण आज हात मोकळा आहे. बाकीचे दिवस हातात विळा होता.

त्या दिवशी हिंगणघाट, मग वर्धा, मग इथली बस असं करत बारा वाजता पोचलो. तुझ्या आत्यानं दार उघडलं, मला पाहिलं आणि आत वळून लक्ष्मणरावांना म्हणाली, “उठा, आज सूर्य कुठून निंगाला पाहा.” पाणी दिलं, बस म्हणाली नाही. दादा कुठे आहे विचारलं तर म्हणाली, नदीवर, म्हशी धुवून राह्यला.

धाम नदीला पाणी कमी होतं. दादा गुडघाभर पाण्यात उभा होता. केस सगळे पांढरे झाले आहेत. वाकला आहे, तरी अजून दोन माणसांएवढा दिसतो. मला पाहून म्हणाला, “पेमा, जेवला का?” दोन वर्षांनी भेटत होतो, आणि हे पहिलं वाक्य.

मी काठावर बसलो. मी म्हणालो, “दादा, ते फाटक मी उघडं ठेवलंतं.”

तो म्हशीच्या पाठीवर पाणी टाकत होता. म्हणाला, “मले माहीत हाये. मी पाह्यलं ना तुले जाताना.”

“मंग त्या दिवशी काऊन नाई बोलला?”

त्यानं जरा विचार केला. त्याला विचार करायला वेळ लागतो, तुला माहीतच आहे. मग म्हणाला, “चार मानसं होते तिथं. तुले वाईट वाटलं असतं.”

मी नदीत उतरलो. चपलेसकट. त्याच्या पायांना हात लावायला वाकलो तर त्यानं मला दंडाला धरून उभं केलं आणि म्हणाला, पानी थंडं हाये, बाहेर निंघ.

संध्याकाळी मी त्याला तुझा खेळ दाखवला. तुझ्या आईनं फोन मला देऊन ठेवला होता. आत्या, लक्ष्मणराव, सगळे वाकून पाहत होते. नाला आला, मोठा माणूस आला. आत्यानं तोंडावर हात ठेवला. मी दादाकडे पाहत होतो. आता तो ओळखेल, आणि मला पुन्हा तसंच काहीतरी होईल, अशी मला भीती होती. खरं सांगतो, तेव्हाही होती.

त्यानं मोठ्या माणसाकडे बघून विचारलं, “इतला मोठा कोन हाये बा हा?”

मग त्यानं पोरावर बोट ठेवलं, इतकं मोठं बोट की पोरगा दिसेनासा झाला, आणि हसायला लागला. “अन् हा त आपला पेमा. पाहा पाहा, चड्डी धरून पळून राह्यला.”

मी पाहिलं. पोरगा एका हातानं कंबर धरून पळतो. सव्वा महिना मी त्याला पळवलं, बुडवलं, दगड मारायला लावले, आणि हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्या चड्डीला गुंडी नसायची. आई गेल्यावर शिवायला कोणी नव्हतं. मी सहा-सात वर्षांचा, दादा चौदाचा. नाल्याला पूर आला की तो मला पाठीवर घेऊन शाळेत सोडायचा. त्याची शाळा त्याआधीच सुटली होती. हे मी तुला कधी सांगितलं नाही. मला ते आठवतही नव्हतं म्हणा, किंवा आठवायचं नव्हतं. मग तुला कोणी सांगितलं?

दादाला विचारलं. तो म्हणाला, “मीच सांगत होतो तिले. खांद्यावर बसली का मने, मोठेबाबा, पेमाची गोष्ट सांगा.”

तुला खांद्यावर घेऊन तो माझ्याच गोष्टी सांगत होता. मी तेव्हा शेतात होतो.

त्याला मी म्हणालो, घरी चल. तो म्हणाला, रुख्माची तूर उभी आहे, ती निघू दे. मी म्हणालो, मग मीही थांबतो. तेव्हापासून आम्ही दोघांनी तूर कापली, पेंढ्या बांधल्या. तो पुढे, मी मागे. त्याच्या दोन हातांत जेवढं येतं तेवढं माझ्याच्यानं चार खेपांत होतं. आत्याच्या शेजारणी बांधावरून म्हणतात, डोमाभाऊ असल्यावर मशीन कशाला पाहिजे. माझ्या कामाबद्दल कोणी काही म्हणत नाही. मला अजून वाटतं, मयुरी. थोडं थोडं वाटतंच. तुला खोटं लिहिणार नाही असं ठरवलं आहे.

बाबा

वडनेर,
११ जानेवारी २०२५

मयुरी,

आम्ही परवा आलो. बसमधून उतरताना दादानं खाली वाकून उंबऱ्याला लावतात तसा पायरीला हात लावला, कंडक्टर हसला.

काल प्रार्थनेनंतर मी उभा राहिलो आणि अण्णाजींसमोर, अश्वजित सरांसमोर, सगळ्यांसमोर सांगितलं की फाटक मी उघडं ठेवलं होतं आणि नाव भावाचं घेतलं. अण्णाजींनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. मग म्हणाले, “मले वाटलंच होतं. डोमाजी साखळी लावल्याबिगर पुढं सरकनारा मानूस नाई.” म्हणजे दोन वर्षं त्यांनाही वाटत होतं आणि तेही गप्प होते. घरी जाताना त्यांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या नाही. ते बरोबरच आहे.

दादाची खाट पडवीत टाकली आहे. तुझ्या आईनं त्याच्या आवडीची आंबाडीची भाजी दोनदा केली. पहिला चहा त्याला जातो, मग मला. मी काही म्हणत नाही.

काल रात्री तुझा फोन आला तेव्हा मी अंगणात होतो. आईनं फोन दादाला दिला. तू तिकडे रडत होतीस हे इथपर्यंत ऐकू येत होतं. तो तुला म्हणत होता, “येजो वं माय, येजो.” मग त्यानं फोन माझ्याकडे केला. मी हॅलो म्हणालो. तू म्हणालीस, “बाबा, मी येते.” मला त्यावर काही बोलता आलं नाही, म्हणून हे लिहितो.

तू आलीस की आधी त्याच्याकडे धावशील. ते मला माहीत आहे, आणि मला ते कसं वाटेल तेही माहीत आहे. माझ्या वाटण्याची तू काळजी करू नकोस. तू जा त्याच्याकडे. मी तिथेच उभा असेन.

फक्त एक कर. हिंगणघाटहून बसनं येताना सामान दोन पिशव्यांत भर. एकच आणलीस तर ती तो उचलेल आणि पुढे चालायला लागेल, आणि मला तुमच्या मागे रिकाम्या हातानं यावं लागेल.

तुझा बाबा